डभोई शाखा, रात्री पावणेबारा

दांडिया बाजारात शटर अर्धं ओढून
बँकेच्या सर्व्हर रूममध्ये मी एकटी.
एसीचा गारठा, निळी केबल,
सेव-उसळीचं पार्सल, गाठ अजून न सोडलेलं.

डभोईच्या राउटरचा पत्ता बदलायचाय.
तिकडे, तीसेक किलोमीटरवर,
जशुभाई खुर्ची टाकून पहारा देतायत
त्या कुलूपबंद खोलीवर, जिच्यात तो लुकलुकतो.

दिघेसाहेब म्हणायचे,
आधी परतीचं तिकीट काढ, मग गाडीत बस.
बदल करण्याआधीच त्याला बजावून ठेव:
दहा मिनिटांत माझा शब्द आला नाही
तर आपणहून नीज, आपणहून ऊठ,
आणि मी आज शिकवलं ते विसरून जा.

एकदा त्यांनीच तिकीट काढलं नव्हतं.
एक आकडा. सातच्या जागी एक.
रात्री दोनला स्कूटरवरून डभोई,
कानटोपी, खिशात केबलचं वेटोळं.
हसत सांगायचे ते ही गोष्ट,
पण सांगताना हात खिसा चाचपायचा.

मी तिकीट काढते. दहा मिनिटं.
मग ती ओळ. एंटर.

पडदा थिजला.
चूक झाली म्हणूनसुद्धा कुणी सांगेना.
स्वतःला बाहेर काढून
मीच आतून कडी घातली होती.

आता नऊ मिनिटं करण्यासारखं काही नसतं.
पार्सल सोडलं. तरीवर तेल थिजलेलं.
सकाळी दादाला फोनवर बोलले ते आठवलं,
वरची खोली भाड्यानं द्यायच्या वादात,
एका दमात,
तिकीट न काढता.

चार मिनिटं. दोन.
डभोई गेली.
आणि थोड्या वेळानं आली, जुनीच,
माझ्याबद्दल काहीही मनात न ठेवता.
वर जाऊन ओळ वाचली. सातच्या जागी एक.
साहेब, तुमचाच!

सुधारलं. उत्तर आलं. तिकीट रद्द केलं, जतन केलं.
इथे थांबता आलं असतं.
पण लिहून ठेवलं म्हणजे राहिलंच असं नाही,
राहिलंय का ते एकदा विझवूनच कळतं
आणि ते सोमवारी सकाळी कळू नये,
पासबुकं घेऊन रांग उभी असताना.

फोन लावला. जशुभाई, कुलूप काढून आत जा.
आता मी मुद्दाम बंद करतेय.
घाबरू नका, बटणाला हात लावू नका.

त्यांचा श्वास, पंख्याची कुरकुर, लांब एक कुत्रं.
"बधुं बंध छे, बेन."
असू दे.
"केसरी थई."
असू दे.
मग बराच वेळ आम्ही दोघं
काहीच न बोलता एका दिव्यापाशी बसलो.
"लीली," ते म्हणाले. "बेय लीली."

वहीत वेळ लिहिली: बारा वाजून अठरा.
गार उसळ उभ्यानं खाल्ली.
दादाचा नंबर काढला,
पुन्हा घड्याळ पाहिलं,
आणि फोन पालथा ठेवला, दिवा चालूच.