कंबर

वॉशरचा कान उलटा केला
तर आत मसुराएवढी, शिशाच्या रंगाची,
निवांत.
आजची नाही ही. पाषाणच्या मागच्या टेकडीवरून
ग्लिरिसिडियाखालून, कुसळांतून
आम्ही रोज येतो, दारात कपडे झटकतो.
ही झटकली गेली नाही,
तीन-चार दिवसांपूर्वीची असणार.

“आजोबा, कोळी!” खालच्या मजल्यावरची संबोधी.
“आठ पाय आहेत. मोजले मी.”

मोजले म्हणाली की मला उठावंच लागतं.
एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
पितळी टोप्या भिंगाखाली धरल्या,
हजारातली एक बाजूला काढली,
संध्याकाळी सायकलवरून घरी आलो.
भिंग अजून आहे. चिमटाही.

कातडीलगत धरायचं, सरळ वर ओढायचं,
पिळायचं नाही.
रॉकेल, तंबाखू, पेटती काडी,
आमच्या घराण्यातले सगळे इलाज
औंधच्या डॉक्टर शिरगुप्पेंनी एका वाक्यात रद्द केले.

“आठ, बरोबर. भाऊबंदच आहेत.
आता तो मीटरच्या पेटीमागचा बघ.
त्याला कंबर आहे.
पुढे डोळे नि पाय, मागे पोट,
मधे दोऱ्याएवढी वाट.
हिला कंबर नाही.
डोकंही नाही म्हण, नुसतं तोंड,
बाकी सगळं पोट.”

“मग ती जाळं कुठे करते?”

नाही करत. त्याच्या पोटातून दोरा निघतो,
हिच्या पोटातून अंडी, दोन-तीन हजार,
भिंतीच्या फटीत, एकदाच. मग संपली.
वाट मात्र दोघंही बघतात.
तो जाळ्यावर एक पाय ठेवून,
तार लागलीये का बघणाऱ्या वाजंत्र्यासारखा.
ही गवताच्या टोकाला, पुढचे दोन पाय पसरून,
कडेवर घे म्हणणाऱ्या पोरासारखी.
त्या पायांतच तिचं नाक.
आपण सोडलेला श्वास तिला लांबून कळतो.

संबोधीनं श्वास धरला.
मग वॉशरच्या पंजाची बोटं फाकवून
बराच वेळ गप्प बसली.
“ही बघा. बारकी. हिला सहाच आहेत.”

भिंग पुसलं. मोजले. परत मोजले.
सहा.
कारखान्यात असतो तर लाल खडूची खूण करून
सदोष म्हणून डब्यात टाकली असती,
वर सही.

डॉक्टर फोनवर हसले.
लहानपणी सहाच असतात म्हणाले.
पोटभर एकदा पितात, कात टाकतात,
मग मिळते चौथी जोडी.
मी फोन ठेवला आणि
माझी लाल खूण पडलेल्या
किती टोप्या नुसत्या लहान असतील,
असा एक वेडगळ विचार आला. पितळ वाढत नाही.
तरी आला.

गुरुवारी संबोधी मला हाताला धरून मीटरपाशी घेऊन गेली.
एक टम्म झालेली, वॉशरच्या अंगावरून गळलेली,
फट शोधत भिंत चढताना
जाळ्यात अडकली होती.
कोळी आला. दोन पायांनी चाचपलं.
थोडा मागे सरला, पुन्हा चाचपलं.
मग एकेक धागा तोडत गेला,
आणि ती पडली,
टप् असा आवाज झाला, खरंच झाला,
फरशीवर.

“खाल्ली का नाही?”
मला माहीत नव्हतं. कातडी जाड असेल,
किंवा चव.

“आत वॉशरचं रक्त आहे ना,” ती म्हणाली,
“त्यानं ओळखलं.”

हे चूक आहे, हे मला भिंगाशिवाय कळतं.
कागदात धरून मी ती गोचीड साबणाच्या पाण्यात सोडली,
वॉशरला औषधाचे थेंब लावले, मानेवर, केस बाजूला करून,
आणि केरसुणी घेऊन आलेल्या मावशींना
मीटरची पेटी तेवढी
सोडायला सांगितली.