ओळखीचा मासा

लोबानाच्या दुकानावरच्या मजल्यावर
चार आठवड्यांचा कोर्स.
जिना चढेपर्यंत धूर आपल्याआधी वर पोचलेला असतो,
आणि रात्री ओढणी झटकली
की कुणाच्यातरी लग्नाला जाऊन आल्यासारखं वाटतं.

मी सेहेचाळीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत मोठी.
वेंगुर्ल्याला बावीस वर्षं भूगोल शिकवला, मराठीतून.
तिथे अरबी समुद्र कायम डाव्या हाताला,
फळ्यावर निळ्या खडूनं आडवा घासलेला.
इथे सलालात तो दक्षिणेला आहे.
पहिले आठ दिवस मी संध्याकाळी
चुकीच्या दिशेला सूर्य शोधत होते.

मोइराबाई मागच्या बाकावर बसून टिपणं काढतात.
पहिल्या दिवशीचं टिपण: तुम्ही फार बोलता.
दुसऱ्या दिवशीचं: अजूनही.
आता मी प्रश्न विचारते आणि मनात वीस अंक मोजते.
बावीस वर्षांत एवढी शांतता
मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकली होती.

रात्री व्याकरण. नवरा बंदरावर, रात्रपाळीत,
त्याच्या क्रेनचा लाल दिवा गच्चीवरून दिसतो.
मी वहीत लिहिते:
समुद्राला 'द' लागतो.
माशाला 'अ', पहिल्यांदा भेटला तर;
तोच पुन्हा भेटला की 'द'.
आमच्याकडे मासा मासाच असतो,
ओळखीचा असो नाहीतर नसो.

दुपारी दोन तासांची सुट्टी, तेव्हा मी दहारीझच्या किनाऱ्यावर.
वाळूत तारल्या वाळत घातलेल्या, चांदीच्या बटणांसारख्या,
आणि त्या खायला उंट येतात.
खरंच. उंट, सुकी मासळी.
घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली,
काहीतरीच काय, उन्हात फिरू नकोस.
माडाखाली शाजी शहाळी विकतो, कोल्लमचा.
त्याचा कोयता तीन घावांत काम करतो,
चौथ्याची त्याला लाज वाटते.

त्याच्याकडूनच एक नारळ घेतला, सरावाच्या पाठासाठी.
समोर सहाजण: हॉटेलात लागू पाहणारे दोघे,
नूरुल, मुस्तहील, एक नर्स जी कधीच चुकत नाही,
आणि बखीत, ज्याला पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला न्यायचे आहेत
आणि होडीत बसा एवढंच इंग्रजीत सांगता येतं.

नारळ टेबलावर ठेवला. म्हटलं, हे काय?
एक, दोन, तीन... अकराव्या अंकाला बखीत म्हणाला,
नारजील.
आणि माझ्या तोंडून, मोजणं विसरून,
नारळ.

तो पुढे झुकला. पुन्हा सांगा.
नार-ळ. त्यानं जीभ वळवली, ल आला.
पुन्हा. ड आला. मुस्तहील हसला.
मग बखीतनं डोंगरातल्या आजीच्या बोलीतला
एक आवाज काढून दाखवला,
जिभेच्या कडेनं निसटणारा, ओल्या दगडावरून पाय सरकावा तसा.
ही बोली लिहीत नाहीत, म्हणाला, फक्त बकऱ्यांना आणि आजीला कळते.
मी चारदा प्रयत्न केला. चारही वेळा थुंकी उडाली.
नर्ससुद्धा हसली.

टिपण: चार मिनिटं वाया. वर्गात फक्त इंग्रजी.
बरोबरच आहे.
मी त्याखाली सही केली, तारीख घातली.
नारळ मात्र कुणी उचलेना, तो मीच घरी नेला,
निम्म्याची चटणी, निम्मा सोलकढीला.

गुरुवारी शेवटचा पाठ आहे. छातीत धडधडतं,
या वयात हे शोभत नाही, पण धडधडतं.
आज किनाऱ्यावरून परतताना
बखीत होडीच्या सावलीत जाळं शिवत होता.
दातांत दोरा धरूनच मान वर केली:
गुड इव्हनिंग, द टीचर.

चूक होती. मी वीसपर्यंत मोजलं.
मग गुड इव्हनिंग म्हटलं
आणि तशीच पुढे गेले,
चपलांतली वाळू झटकायलाही न थांबता.