क्लाक्सविकचा वजनकाटा

पहाटे साडेचारला मार्युनचा फोन:
काटा वजन दाखवतो, पण लेबल सोडत नाही.
धक्क्यावर दोन बोटी उभ्या, कॉड बर्फात,
आणि कागदाशिवाय मासा म्हणजे खरेदीदाराला
नुसता वास.

बोगद्यातून गाडी घालतो. वर अख्खा समुद्र, रेडिओ मुका.
शेजारच्या सीटवर थर्मास, एक केबल,
आणि कंपनीनं पाठवलेलं नवंकोरं पॅकेज,
ज्याच्या नावाच्या शेपटाला लिहिलंय
एएमडी-चौसष्ट.

काट्यामागचा संगणक पावाच्या डब्याएवढा.
वीस वर्षं खाऱ्या हवेत.
खोक्यावर मार्करनं कुणीतरी लिहिलंय, ‘बंद करू नका’,
खाली वेगळ्या अक्षरात, ‘खरंच’.

विचारतो त्याला, तू कोण?
एका ओळीचा हुकूम, एका ओळीचं उत्तर:
आय-सहाशे शहाऐंशी.
पॅकेजांच्या वहीत मात्र हाच तीनशे शहाऐंशी.
घरी एक हाक, हजेरीपटावर दुसरी.

तरी नवं पॅकेज चढवून पाहतोच.
कुलूप दिसत असूनही माणूस दार एकदा ढकलतो.
रचना जुळत नाही, एवढंच म्हणतो तो.
चिडत नाही, खोटं बोलत नाही,
अर्धंमुर्धं गिळून नंतर ओकत नाही.
मी कित्येकदा हो म्हणालोय न जुळणाऱ्या गोष्टींना
आणि मग वर्षभर अडखळत चाललोय.

बत्तीस बिटांचा जीव. त्याचाही मान होता एके काळी:
तोंडात दात बत्तीस, अंगी लक्षणं बत्तीस,
तेवढ्यात माणूस पुरा व्हायचा.
आता ज्याला त्याला चौसष्ट कला हव्यात,
मासे मोजायलासुद्धा.

जुन्या भांडारात शिरतो. याद्याच याद्या.
आर्म, मिप्स, पॉवरपीसी, रिस्क-फाइव्ह,
एकेका प्रोसेसरच्या नावाची एकेक खिडकी,
आणि तीनशे शहाऐंशीच्या खिडकीवर जाळी लागलेली.
एक सापडतं. प्रोसेसर बरोबर,
पण बांधलंय बाराव्या आवृत्तीसाठी, इथे आठवी.
पाय मापाचा, बूट दुसऱ्याच्या हिवाळ्याचा.

मार्युन कॉफी ठेवून जाते.
बोटीवरचा कुणीतरी शिट्टी मारतो, लांबलचक, मुद्दाम.

मग पायसांदूहून, उरुग्वेतून,
आन्सेल्मो एचेवेरी नावाच्या माणसानं
मागच्या मार्चमध्ये ठेवलेलं:
‘आठवी आवृत्ती, बत्तीस बिट. कुणाला लागलंच तर.
माझ्याकडे संत्री निवडणारं एक यंत्र आहे, मरत नाही.’
बस. खाली आभाराची एकही ओळ नाही,
कुणी उतरवून घेतल्याची खूण नाही.

चेकसम ताडून पाहतो, शेवटच्या अक्षरापर्यंत.
मग दाबतो. पट्टी सरकते, अडते
(मी श्वास धरतो, कारण नसताना),
सरकते.

काट्याचा प्रिंटर घसा खाकरतो
आणि पांढरी चिठ्ठी बाहेर ढकलतो:
कॉड, बारा किलो चारशे,
१ जानेवारी १९७०.

घड्याळाची बॅटरी मेलेली. संगणकाला वाटतंय
काळ आत्ताच सुरू झालाय.
मी म्हणतो, थांब, तारीख लावतो, ही फेकून दे.
मार्युन चिठ्ठी हातमोज्यावर चिकटवून बघत राहते.
‘सत्तर साली बाबा होते बोटीवर,’ म्हणते.
‘मी नव्हते अजून.’

मी तारीख लावतो. दुसरी चिठ्ठी बरोबर येते,
तिसरीही. धक्क्यावर क्रेट हलू लागतात.
पहिली कुठे गेली, मी विचारत नाही.
पायसांदूला दोन ओळी लिहायच्यात,
पण स्पॅनिश येत नाही मला,
आणि बोटांना अजून माशाचा गारवा.
लिहितो: चाललं.
आणि खाली आमच्या काट्याचा पत्ता,
तीनशे शहाऐंशी, आठवी आवृत्ती,
क्लाक्सविक. अजून एक.