वाऱ्याच्या वाटेवर

सकाळी नऊला मी फाटक उघडते.
कुलूप नवं, किल्ली नवी,
'वारसास्थळ' ही पाटी चार भाषांत,
आमची पापियामेंतू सगळ्यात खाली.
बिजागरी तेवढी जुनी. ती रोज एकदा ओरडते
आणि थडग्यांवरचे सरडे उठून
निवडुंगाच्या सावलीत जातात,
पाहुण्यांना जागा करून दिल्यासारखे.

तिकीट दहा गिल्डर, मुलांना अर्धं.
पुरुषांनी डोकं झाकायचं. टोप्या फुकट,
जाताना परत टोपलीत टाकायच्या.
बोटीवरून आलेली माणसं चार पावलं जातात, मागे वळतात:
नावं कुठं आहेत?

मी नकाशा देते.
सातवी रांग, रिब्का कास्तान्यो, बाळंतपणात गेली.
दगडावर एक झाड होतं, आणि ढगातून आलेला हात,
हातात कुऱ्हाड.
झाडाचा आता नुसता फुगवटा, हाताचा खळगा,
कुऱ्हाड मात्र अजून बोटाला लागते
डोळे मिटून चाचपलं तर.
अकराव्या रांगेत साल्झेदो कप्तान.
त्याची शिडं विरघळली.
गलबत उभंच आहे, कुठंही न जाता.

प्लास्टरचे ठसे वेळेवर काढून ठेवलेत,
शहरातल्या संग्रहालयात, गार हवेत.
नावं तिकडे आहेत, मी सांगते,
माणसं इथं.

दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात.
म्हणणाऱ्याच्या गावात
तेलाचा कारखाना नसणार.

त्या बघा चिमण्या.
वारा इथं बाराही महिने पूर्वेकडून येतो,
त्याला दुसरी वाट ठाऊक नाही.
आधी कारखाना, मग हे मेलेले, मग आमची वस्ती.
आई वाळत घातलेल्या चादरी झटकायची,
पुन्हा भिजवायची,
आणि वाऱ्याला शिव्या द्यायची. धुराला कधीच नाही.
धुरातून पगार यायचा.
माझे शाळेचे बूट, बहिणीच्या लग्नातला तीन मजली केक,
सगळ्याला थोडी गंधकाची चव.

एकतीस वर्षं बॉयलरवर होता माझा बाप, तेओलिंदो.
या भिंतीच्या आत एकदाच आला,
पेन्शन सुरू झाल्यावर, माझी नोकरी बघायला.
चर्चमध्ये शिरावं तशी त्यानं हॅट काढली.
म्हटलं, पप्पा, इथं उलटं असतं.
तर त्यानं हॅट काखेत धरली
आणि टोपलीतली टोपी घातली, नियम म्हणजे नियम.

एका कोऱ्या दगडावर अंगठा फिरवला.
पिठासारखी भुकटी निघाली.
हुंगली.
कपड्यांना यायचा तोच वास असावा.
"रात्रपाळी," म्हणाला, "दिवसा आम्ही एवढा सोडत नसू."
मग खोकला, बराच वेळ,
दगडाला धरून.

पुढं डॉक्टरांनी काचेवर फोटो लावला
आणि पेनानं पांढरे डाग दाखवू लागले.
मला दाखवायची गरज नव्हती.
पुसट वाचणं हाच माझा धंदा.

आता चिमण्या थंड आहेत.
बंद झाला कारखाना, अर्धी वस्ती बेकार आहे,
चादरी मात्र पांढऱ्या राहतात.
उरलेली अक्षरं आहेत तेवढीच आहेत.
मी रोज नाही मोजत.

चारला फाटक लावते, टोप्या मोजते.
चाळीस दिल्या होत्या समितीनं, एकोणचाळीस भरतात.
वहीत लिहिलंय, वाऱ्यानं नेली.
कुठं आहे ते मला माहीत आहे.
पेटी बंद करण्याआधी
मीच घातली त्याला.