चार लक्स

दिवसा मी उजेड मोजतो.
शारजात, अल नहदाच्या एका मॉलखाली,
तिसऱ्या तळघरातल्या पार्किंगमध्ये,
खांब क्रमांक एक ते एकशे चाळीस.
मीटरचा आकडा पन्नास लक्सच्या खाली गेला
की लाल पेनाने गोल.
म्हणजे कुठली तरी ट्यूब मेली.

रात्री खोलीवर, एसीच्या घरघरीत,
मी काळोख करतो.

तो आयता मिळत नाही.
नकाशातले सगळे दिवे काढले तरी
कुठून तरी दुधट उजेड पाझरत राहतो,
तो आधी शून्यावर आणायचा.
मग धुकं, चवीपुरतं.
मग जिन्याच्या वर एकच बल्ब, आजारी पिवळा.
सिनेमावाले रात्र निळी करतात. मी नाही केली.
आमच्या खिडकीतली रात्र नारिंगी असते, धुळीची,
दुबईच्या बाजूने उतू आलेली.
खरा चंद्र कुठला आणि टॉवरवरचा दिवा कुठला,
सात वर्षं झाली, अजून चुकतो मी.

शुक्रवारी खेळायला बसतो.
शिहाब शेजारच्या कॉटवरून,
रॉनेल सतवाहून,
मुतासिम अजमानच्या गोदामावरून, ड्यूटी चालू असताना,
आणि समोरच्या बाजूने माझा भाचा ओजस,
इचलकरंजीहून, त्याच्या कॉलेजच्या टोळीसह.

"काय दिसत नाही रे!" शिहाब ओरडतो.
"लाइट वाढव."
मी म्हणतो, कान लाव.
फरशीवर पाऊल वेगळं वाजतं, लोखंडी जाळीवर वेगळं.
डोळे मागतील तेवढं
द्यायचं नसतं त्यांना.

या खेळात मेल्यावर
दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येतं.
त्या रात्री मी लवकर मेलो
आणि मुतासिमच्या डोळ्यांत गेलो.
पडदा काळा. नुसता काळा.
पंपाच्या खोलीमागे तो उभा होता,
गोळी नाही, हालचाल नाही.
"अटक गया क्या?"
हेडफोनमध्ये आधी त्याचा श्वास आला.
मग, "नहीं भाई. इधर अच्छा है.
इधर कोई लाइट नहीं मारता."

गोदामाच्या फाटकावर आठ फ्लडलाइट आहेत.
त्यांच्याखाली त्याची खुर्ची,
संध्याकाळी सहा ते सकाळी सहा.

तेवढ्यात कुठून तरी गोळी आली.

"मामा, सोप्पं आहे," ओजस नंतर म्हणाला.
"स्क्रीनचा गॅमा वाढवायचा. काळोख राहतच नाही,
सगळं राखेसारखं दिसतं.
आणि तो गडी बघ की,
भिंतीकडं तोंड करून उभा, येड्यागत!"

मी रागावलो नाही.
त्या वयात जिंकायचंच असतं.
फक्त, ती भिंत मी रंगवलीच नव्हती.
तिथे कोण बघतंय म्हणून कोरी सोडली होती,
ना विटा, ना ओल, ना गंज.
घरातला फाटका बनियन
दारात आलेल्या पाहुण्याने पाहावा,
तशी लाज वाटली.

नंतर बसून विटा काढल्या. एकेक.
ज्यांना कधीच दिसणार नाहीत त्यांच्यासाठी
की ज्याला दिसल्या त्याच्यासाठी,
ठाऊक नाही.
उजेड वाढवला नाही.

सोमवारी, जूनच्या भर दुपारी,
खांब क्रमांक सत्त्याऐंशी.
मीटर म्हणाला, चार.
खांबामागे पुठ्ठ्यावर एक माणूस झोपलेला,
वरच्या बांधकामावरचा असावा.
हेल्मेट उशाला,
बूट एकमेकांना चिकटून नीट लावलेले,
तोंड भिंतीकडे.

शिडी माझ्याच ट्रॉलीवर होती.
नवी ट्यूबही.
दहा मिनिटांचं काम.

कागदावर मी बावन्न लिहिलं
आणि मीटरचा इवलासा हिरवा दिवा
अंगठ्याखाली दाबून
अठ्ठ्याऐंशीकडे गेलो.