दोनतारी

डोळे मिटा, म्हणते मी, आणि टोचलं की हो म्हणा.
नायलॉनचा हा तंतू दहा ग्रॅमवर वाकतो,
त्याहून जास्त जोर करायची त्याला मुभाच नाही.
अंगठ्याखाली. हो.
चवड्यावर. हो.
टाचेला. हो.
शेवटच्या दोन्ही वेळा माझा हात माझ्या मांडीवर होता.

डार्नली बॉक्सिल चर्चमध्ये आमेन म्हणावं तसं
ठरावीक अंतराने हो म्हणत राहतात.
माणूस भिडस्त. नर्सला कशाला नाराज करा.

बार्बाडोसच्या उत्तर टोकाला, समुद्राकडे पाठ करून
उभ्या असलेल्या साखर कारखान्यात
चौतीस हंगाम ते कढईवर होते.
काचेतून रस उकळताना दिसायचा,
पण निवाडा डोळ्यांचा नसे.
थेंबभर पाक घ्यायचा,
अंगठा आणि तर्जनी जुळवायची, हळूच उघडायची,
तार किती लांबते, कुठे तुटते ते बघायचं
आणि ओरडायचं, सोडा!
तोवर सगळा कारखाना त्या दोन बोटांत अडकलेला.
कारखान्याच्या जागी आता बाभळीसारखं काहीतरी उगवलंय,
आणि ती बोटं शर्टाचं बटण आरशात बघून लावतात.

मूळ भानगड डोमिनोची.
रमच्या दुकानाबाहेरच्या टेबलावर सत्तावीसच सोंगट्या भरल्या.
दोन्हीकडे कोरी असलेली, तीच नाही.
बॉक्सिल म्हणाले, फिट्झरॉय गिटेन्सने लपवली.
गिटेन्स म्हणाला, तुझ्या आईची शपथ.
बावीस वर्षांचा डाव मोडला, चार दिवस बोलणं बंद.
रविवारी बायकोने बूट पॉलिशला घेतला
तर आतून ती पडली, ओली.
नातवाचा उद्योग.
चार दिवस, दोन वेळा चर्च, एक मयत,
एवढं सगळं ते तिच्यावरून चालले होते.

जखम अगदी सोंगटीच्या मापाची. तीही कोरी. दुखत नाही म्हणतात.

मी घोट्याजवळ जेल लावते, छोटा माईक फिरवते.
नुसती खरखर. अजून खरखर.
मग खूप आतून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं,
फुस.
फुस.
ते कान देतात. पहिल्यांदाच डोळे उघडतात.
"पंप ओढत नाहीये. वाटेत एखादा व्हॉल्व्ह
अर्ध्यावर अडकलाय. शेवटचा कधी उघडून बघितला होता?"

मी सांगते तेच, जे रोज दहा जणांना सांगते:
साखर नळीचं अस्तर खरवडते,
वाढलेला दाब त्याच खरवडलेल्या जागी आपटत राहतो,
आधी बारीक नळ्या जातात, डोळ्यातल्या, मूत्रपिंडातल्या,
मग जाड.
"म्हणजे दोघं एकाच शिफ्टला?"
हो, म्हणते मी. एकाच शिफ्टला.
"आणि फोरमन झोपलेला," म्हणतात, आणि हसतात,
मशीन एकशे शहाऐंशी दाखवत असताना.

मंगळवारी दुसरं बोट काढतील.
"पायाचंच ना?" त्यांनी विचारलं,
आणि उजव्या हाताची चिमूट जुळवली,
उघडली,
मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

परवा ड्यूटी संपवून दुकानावरून गेले.
बॉक्सिल खुर्चीत, पाय स्टुलावर, बँडेज पांढरं शुभ्र.
गिटेन्स सोंगट्या पिसायच्या आधी
खाली वाकला,
त्यांच्या दुसऱ्या पायातला बूट काढून उलटा केला,
तीनदा झटकला,
आतून हात फिरवला पार चवड्यापर्यंत,
पुन्हा घातला, नाडी बांधली.
कुणीच काही बोललं नाही.
मग मोजल्या. अठ्ठावीस.