आवक-जावक

एकतीस वर्षं रजिस्टरवर रेघा मारल्या मी.
डावीकडे आवक, उजवीकडे जावक,
मधात लाल शाईचा शिक्का.
पत्राला वजन होतं, डिंकाचा वास होता,
तुमाने शिपाई ते सायकलवर सदरला नेऊन द्यायचा
आणि पोचेवर सही घेतल्याशिवाय हलायचा नाही.

मग डिंपल कटरे आली. गोंदियाची. अकरा महिन्यांच्या करारावर.
ओढणीनं तिनं मॉनिटर पुसला,
म्हणाली, काका, हा तुमचा इनबॉक्स.
एकशे चौऱ्याहत्तर पत्रं, न वाचलेली.
बाप्पा! मी म्हटलं, तुमाने कुठे होता मग?

सीसी मला लवकर समजलं.
तिसऱ्या प्रतीपर्यंत अक्षर पोचावं म्हणून
किती जोर लागते, ते मनगटाला माहीत आहे.
डिंपलनं कार्बन कधी पाहिला नव्हता.
कपाटातून काढून दिला, तिनं वास घेतला,
आणि नाकावर निळा डाग घेऊन दिवसभर फिरली.

बीसीसीला दोन दिवस लागले.
म्हणजे पत्र ज्याला गेलं त्याला पत्ताच नाही
की अजून कोण वाचून राहिलं?
हाव, काका.
मग माझी अहेरीला बदली झाली तेव्हा
कॉम्प्युटर नव्हता, पण बीसीसी होतं.

पासवर्डात मी बायकोचं माहेरचं नाव टाकलं.
लग्नानंतर ते कुणीच घेतलं नव्हतं. आता रोज सकाळी घेतो,
ठिपके ठिपके उमटतात.

फाइल कुठे ठेवली? तर म्हणे क्लाउडवर.
खिडकीतून पाहिलं. सिव्हिल लाइन्सवर मे महिना,
ढग म्हणून नावाला नाही.

एकच गोष्ट तिनं बजावली:
रिप्लाय ऑलला हात लावायचा नाही.
लेखा शाखेच्या गोतमारे मॅडमनी मागं
भावजयीच्या डोहाळजेवणाचं आवतन
सहाही जिल्ह्यांना धाडलं होतं.
वर्ध्याहून दोघं खरंच जेवायला आले.

मग ती मेल आली.
विषय: कंत्राटी कर्मचाऱ्यांस मुदतवाढ न देणेबाबत.
सेहेचाळीस डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं,
नुसता पंखा खडखडून राहिला होता.
तिनंच उघडली, तिनंच प्रिंट काढली,
तिनंच नंबर टाकला, अठराशे बासष्ट.
काका, शिक्का.
मारला. तिरपा उमटला.

एकतीस तारखेला तिनं लॉग आउट केलं,
की-बोर्डवर रुमाल झाकला,
आणि इतवारीहून गाडी आहे म्हणून पाचाच्या आधीच गेली.

ड्राफ्ट म्हणजे पाठवलं नाही, पण फाडलंही नाही.
चार दिवस माझं पत्र तिथं पडून होतं.
‘सविनय सादर’ लिहायचो, खोडायचो,
इथं खोडलेलं दिसतही नाही,
कागदावर निदान कुणाला कळायचं
की माणूस अडखळला होता.
पाचव्या दिवशी तुमाने चहा आणायला गेला
आणि मी रिप्लाय ऑल दाबलं.
‘सदर कर्मचाऱ्याने अकरा महिन्यांत केलेल्या कामाचा तपशील
सोबत जोडला आहे. फेरविचार व्हावा.’
सहा जिल्हे. आयुक्त. लेखा. गोतमारे मॅडम.
बीसीसीत एकटी डिंपल.

चहा यायच्या आत गोंदियाहून फोन.
काका, काऊन केलं असं? आता साहेब ओरडतील ना.
थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली,
आणि जोडलं तर काहीच नाही तुम्ही.

माझा हात आधी टाचणीच्या डबीकडे गेला.
क्लिपचं चिन्ह कुठे असते म्हणाली होतीस, पोरी?
खाली, काका. डावीकडे.
आवकच्या बाजूला.